कोड : समज, गैरसमज आणि उपचार

(विहाराच्या वर्धापनदिनी पिशोर येथे उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)



यंदा बोलण्यासाठी विषय मागवले तेव्हा महिला मंडळाकडून आलेल्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी अशी होती : "कोडावर सांगा. लग्नं अडतात." चिठ्ठीखाली नाव नव्हते. नाव का नव्हते हे इथे बसलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. ज्या घरात मुलीच्या हातावर पांढरा डाग दिसतो त्या घरात पहिली गोष्ट काय होते? दवाखान्यात जाणं नाही. पूर्ण बाह्यांचा झंपर शिवला जातो. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आधी शब्दाबद्दल. आपल्याकडे ह्याला कोड म्हणतात, "पांढरं फुटलं" म्हणतात. जुन्या पुस्तकांत श्वेतकुष्ठ लिहिलेले असते. डॉक्टर लोक व्हिटिलिगो किंवा ल्युकोडर्मा म्हणतात. ह्यातल्या श्वेतकुष्ठ ह्या शब्दाने फार नुकसान केले आहे. कारण त्यात 'कुष्ठ' आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच महारोग येतो. कोडाचा आणि कुष्ठरोगाचा काडीचाही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, दुधासारखा पांढराशुभ्र नसतो, आणि बहुतेक वेळा त्या जागी बधिरपणा येतो. टाचणी टोचली तरी कळत नाही, गरम-थंड समजत नाही. कोडाच्या डागावर मात्र सगळं कळतं. डास चावला तरी कळतो. चामडी तीच, जाडी तीच, घाम तोच. फक्त रंग गेलेला असतो.

इथे एक गोष्ट लगेच सांगितली पाहिजे. कोड असलेले काही लोक स्वतःचा बचाव करताना म्हणतात, "आमचं कोड आहे हो, महारोग नाही." म्हणजे आपल्या अंगावरची नजर दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची. हे आम्हाला पटत नाही. कुष्ठरोगावर सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घेतल्या की रोग पूर्ण बरा होतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते संसदेने २०१९ साली काढून टाकले. तेव्हा बधिर चट्टा असेल तर लपवायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लवकर गेलं तर हातापायाची बोटं वाकडी होत नाहीत.

आता कोड होते कसे? आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. ह्या पेशी मेलॅनिन नावाचे काळपट रंगद्रव्य बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटून देतात. शेजारच्या साधारण ३५ ते ४० पेशींना एक रंगपेशी रंग पुरवते, एखादी बाई पंगतीत वाढत फिरावी तशी. हा रंग म्हणजे उन्हापासूनची छत्री आहे. आणि एक मजेची गोष्ट : गोऱ्या माणसाच्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत ह्या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक आहे तो पेशी रंग किती आणि कसा बनवतात एवढ्याचाच. ज्या रंगावरून माणसाने माणसाला इतका छळला, त्याचं मूळ भांडवल सगळ्यांना सारखंच मिळालेलं आहे.

आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी एक फौज असते. कोड होणाऱ्या माणसात ही फौज चुकून आपल्याच रंगपेशींना शत्रू समजते आणि त्यांना मारते. जिथल्या पेशी मेल्या तिथे पांढरा डाग पडतो. ह्यापलीकडे त्यात काही गूढ नाही. काहींचे डाग चेहरा, हात, पाय, गुडघे असे दोन्ही बाजूंना सारखे येतात आणि हळूहळू पसरतात. काहींचे शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येतात, वर्षा-दोन वर्षांत थांबतात आणि मग तसेच राहतात. हा रोग जगभर आहे. शंभरात साधारण अर्धा ते दोन माणसांना तो असतो, गोऱ्यांना असतो, काळ्यांना असतो, पुरुषांना आणि बायकांना सारखाच होतो. अर्ध्या लोकांना तो विशीच्या आत सुरू होतो, आणि नेमकं तेच शाळा-कॉलेजचं, लग्नाचं वय.

हा रोग लागट नाही. एका ताटात जेवून होत नाही, एका अंथरुणात झोपून होत नाही, टॉवेल वापरून, लेकराला अंगावर पाजून, नवरा-बायकोच्या संबंधातून, कशानेच होत नाही. आम्ही हे इतकं खुलासेवार सांगतो कारण शाळेत मध्यान्ह भोजनाच्या पंगतीला एखादं लेकरू वेगळं बसवलेलं असतं आणि बसवणाऱ्याला वाटतं की आपण काळजी घेतो आहोत. वेगळ्या पंगतीचा अर्थ आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. चवदार तळ्याच्या, १९२७ च्या आठवणी सांगणाऱ्यांच्या घरात एखाद्या सुनेचा पेला वेगळा ठेवला जावा, ह्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

खाण्याबद्दलही बरंच ऐकू येतं. मासे खाऊन दूध प्यालं म्हणून झालं, आंबट खाल्लं म्हणून झालं, पांढरं काही खाऊ नका. ह्यातल्या कशालाही वैद्यकशास्त्रात आधार नाही. उलट लेकराचं दूध, दही, अंडी, लिंबू बंद करून त्याला अशक्त करून ठेवलेले लोक असतात. कोड असलेल्याने सगळं खावं.

आता पापाचा प्रश्न. "मागच्या जन्मी काय केलं असेल" हे वाक्य आपल्या वस्तीतही ऐकू येतं, आणि पंचशील म्हणून घरी गेलेल्या माणसाच्या तोंडून ऐकू येतं. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात समाजाने खाली ढकललेल्या माणसांच्या धम्मदीक्षांचा एक स्वतंत्र भाग घातला आहे. त्यात उपाली न्हावी आहे, सुनीत भंगी आहे, आणि शेवटी सुप्रबुद्ध हा कुष्ठरोगी आहे. ही कथा मूळ पाली उदानातली. राजगृहात सुप्पबुद्ध नावाचा एक अत्यंत गरीब, कुष्ठ झालेला माणूस होता. लांबून गर्दी दिसली, त्याला वाटलं तिथे अन्न वाटताहेत. जवळ गेला तर तथागत उपदेश करत होते. अन्न नव्हतं, तरी तो एका बाजूला बसला. तथागतांनी सगळ्या सभेवरून नजर फिरवली आणि ह्या सभेत धम्म समजू शकेल असा माणूस म्हणून त्यालाच हेरले. एवढ्या मोठ्या सभेत, लोक ज्याला जवळ येऊ देत नव्हते त्याला.

पाली ग्रंथात पुढे त्याच्या रोगाचे कारण मागच्या जन्मातले एक दुष्कृत्य असे दिलेले आहे. ते आहे म्हणून आम्ही सांगतो, लपवत नाही. पण मागच्या जन्मीच्या कर्माने ह्या जन्मीची स्थिती ठरते हा विचार बुद्धाच्या शिकवणीशी जुळत नाही, अशी मांडणी बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात केली आहे. आपण १९५६ साली त्यांच्या मागे गेलो ते तेवढ्यासाठीच ना? जन्माने मिळालेली जात हे मागच्या जन्मीचे फळ नाही हे मान्य करायचे, आणि अंगावरचा डाग मात्र मागच्या जन्मीचा मानायचा, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

भन्तेजी बसले आहेत म्हणून आणखी एक अवघड गोष्ट बोलून टाकतो. उपसंपदा देताना उमेदवाराला जे प्रश्न विचारतात, त्यात पाच रोगांबद्दल विचारतात. कुट्ठ, गण्ड, किलास, सोस आणि अपमार. ह्यातला किलास म्हणजे पांढरे डाग असा अर्थ बरेच जाणकार घेतात, काही जण दुसरा एखादा चर्मरोग मानतात. म्हणजे डाग असलेल्याला संघात बंदी होती काय? विनयपिटकाच्या महावग्गात ह्या नियमामागची हकीकत दिली आहे. मगधात ह्या पाच रोगांची साथ होती. लोक जीवक वैद्याकडे जायचे. जीवक राजा बिंबिसाराचा वैद्य आणि भिक्खुसंघाचा वैद्य, त्याला बाहेरचे रोगी घ्यायला सवड नव्हती. मग लोकांनी युक्ती काढली. चीवर घ्यायचे, संघात राहून जीवकाकडून फुकट बरे व्हायचे, आणि बरे झाले की चीवर टाकून घरी. असाच एक गडी जीवकाला पुढे रस्त्यात भेटला, आणि जीवकाने जाऊन तथागतांना विनंती केली, त्यावरून नियम झाला. तेव्हा नियमाचे कारण अपवित्रता नव्हते. वैद्य एक आणि रोगी हजार, हे कारण होते. आमच्या मते आज त्या नियमाचा हवाला देऊन कोणाला विहारातल्या कामापासून, खिरीच्या पातेल्यापासून, वंदना घेण्यापासून लांब ठेवणे म्हणजे नियमाचा अर्थच न कळणे होय.

आणि औषधोपचार ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. आपल्याच कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत मागिल नावाच्या राजवैद्याचे दान कोरलेले आहे, त्याच्या मुलाचे, दतकाचे, आणि मुलीचे, दताचे दानही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या डोंगरात बौद्ध लेणी कोरायला एका वैद्याच्या घराने हातभार लावला. सहली जातात तेव्हा पोरांना ते दाखवत जा.

आता उपचार. ह्याबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण पैसा आणि वर्षं इथेच वाया जातात.

पहिलं म्हणजे प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. घामाच्या दिवसांत छाती-पाठीवर येणारे खवलेदार फिकट ठिपके म्हणजे शिबे, ती बुरशी असते, साध्या औषधाने जाते. लहान लेकरांच्या गालावर फिकट चट्टे येतात, आपण म्हणतो पोटात जंत झाले, तेही बहुतेक वेळा आपोआप जातात. भाजल्याचा व्रण पांढरा राहतो. जन्मखूण असते. शिवाय रसायनांनी पडणारे डाग वेगळे. कपाळावर टिकली लावायच्या जागी नेमका गोल पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. काही टिकल्यांच्या मागच्या डिंकातले रसायन रंगपेशींना मारते. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली तसाच पट्टा उमटतो, केसांच्या काळ्या रंगानेही होतं. अशा वेळी ती वस्तू ताबडतोब बंद करायची, चामड्याची नाहीतर कापडी चपल घ्यायची. टिकलीखाली खाज सुटली तर "सवय होईल" म्हणून दामटू नये.

खरोखर कोडच असेल तर लवकर जाणं महत्त्वाचं. डाग नवा आहे, लहान आहे, चेहऱ्यावर आहे, तर रंग परत येण्याची शक्यता चांगली. रंग परत येतो तो बहुधा केसांच्या मुळाशी शिल्लक राहिलेल्या रंगपेशींतून. म्हणून सुधारणा सुरू झाली की पांढऱ्या डागात केसांभोवती काळे ठिपके उमटतात, तीळ सांडल्यासारखे, आणि मग ते एकमेकांना मिळतात. ज्या जागी केसच नाहीत, म्हणजे बोटांची टोकं, ओठ, तळवे, तिथे रंग यायला फार कठीण जातं. डागातले केसही पांढरे झाले असतील तरी कठीण. हे आधीच माहीत असलं म्हणजे माणूस निराश होऊन औषध सोडत नाही.

डॉक्टर लावायला मलम देतात. स्टेरॉइडचं मलम असतं, टॅक्रोलिमसचं असतं. डाग भराभर पसरत असतील तर काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, आठवड्यातून दोनच दिवस घ्यायच्या अशीही एक पद्धत आहे आणि ती आपल्या देशातल्याच डॉक्टरांनी रूढ केली. थायरॉईडची तपासणी सांगतात, कारण कोड असलेल्या काहींना थायरॉईडचाही त्रास असतो. पण मेडिकलच्या दुकानातून स्वतःच ट्यूब आणून तोंडाला वर्षभर चोळायची, हे मात्र घातक आहे. स्टेरॉइडने कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं. कोडापेक्षा ते बरं करणं अवघड होऊन बसतं.

दुसरा उपचार प्रकाशाचा. ह्याचं मूळ फार जुनं आहे. आपल्याकडे बावची आणि इजिप्तमध्ये एक रानटी वनस्पती, दोन्हींचे बी लावून किंवा खाऊन उन्हात बसायचे, हे लोकांना कित्येक शतकांपासून माहीत होते. पुढे १९४० नंतरच्या दशकात इजिप्तमधल्या डॉक्टर एल-मोफ्ती ह्यांनी त्यातला अर्क, सोरालेन, कोडावर शास्त्रीय पद्धतीने वापरून पाहिला. म्हणजे बावची ही थाप नाही. पण घरगुती बावचीचं तेल लावून दुपारच्या उन्हात बसलं की फोड येतात, कातडी सोलून निघते, आणि जखम झाली की तिथे नवा डाग पडतो. सोरालेनची गोळी घेतली तर दिवसभर डोळ्यांना काळा चष्मा लागतो, गरोदर बाईला आणि लहान लेकरांना ती देत नाहीत. म्हणून हे डॉक्टरांनी मिनिटं मोजून सांगितल्याशिवाय करू नये.

आता जास्त वापरतात ती नॅरो बँड यूव्हीबी नावाची प्रकाशाची पद्धत. एका पेटीसारख्या यंत्रात उभं राहायचं, ठराविक प्रकारचा प्रकाश अंगावर घ्यायचा. गोळी लागत नाही, लेकरांना आणि गरोदर बायकांनाही चालते. अडचण एवढीच की आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा महिने ते वर्षभर जावं लागतं. आणि पिशोरहून जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला दोनदा जाणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी, एस.टी.चं भाडं आणि सोबतीला घरचं एक माणूस. कापूस वेचणीच्या दिवसांत ते कोणाला जमेल? जे शहरातून येऊन "नियमित उपचार घ्या" सांगतात त्यांना हा हिशोब ठाऊक नसतो. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की आम्ही इतक्या लांबून येतो, महिन्यातून एकदाच येणं जमेल. ते मलम आणि सकाळचं थोडं ऊन अशी काही व्यवस्था बसवून देऊ शकतात. लाजून "हो साहेब" म्हणायचं आणि दुसऱ्या महिन्यात बंद करायचं, ह्याने काही होत नाही.

डाग वर्षभर वाढलेले नसतील, नवे आलेले नसतील, तर शस्त्रक्रियाही करतात. मांडीची किंवा दुसऱ्या झाकल्या जागेची चांगली कातडी, किंवा नुसत्या तिच्यातल्या रंगपेशी, काढून डागावर लावतात. डाग पसरत असताना मात्र ही शस्त्रक्रिया करत नाहीत. आणि २०२२ साली अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाचं मलम खास कोडासाठी मंजूर झालं, १२ वर्षांवरच्यांसाठी. महाग आहे. तरी ह्या रोगावर जगात संशोधन चालू आहे एवढं त्यावरून कळावं.

घरच्या घरी काय करावं? कातडीला घासणं, खरचटणं, घट्ट बांधणं टाळावं, कारण कोड असलेल्याला जखमेच्या जागी नवा डाग येऊ शकतो. नाडीचा काच, लेकरांच्या कमरेचा घट्ट करगोटा, दगडाने घासून अंघोळ, हे सगळं त्यात आलं. डागाची छत्री गेलेली असते म्हणून तो उन्हात भाजतो. शेतात जाताना बाह्या, रुमाल, दुपारी सावली.

हे सगळं करूनही रंग पूर्ण परत येईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि आलेला रंग पुन्हा जाऊही शकतो. जो हमी देतो तो लुबाडतो. भिंतीवर, पत्रकावर "पांढरे डाग सात दिवसांत गायब, पैसे परत" असं लिहिलेलं दिसतं. अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय ह्यांच्या जाहिरातींबाबतच्या कायद्यात ज्या रोगांच्या जाहिरातींना बंदी आहे, त्या यादीत ल्युकोडर्मा नाव घालून दिलेला आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला आणि भिंती अजून रंगताहेतच. कोणी अंगारे-धुपारे, भूत उतरवणे असे प्रकार करून पैसे काढत असेल तर त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर तो आला, ही त्याची किंमत आहे.

राहता राहिली चिठ्ठीतली ओळ. लग्नं अडतात.

अडतात, हे खरं आहे. आईला किंवा बापाला कोड असलं म्हणजे मुलांना होतंच असं नाही, बहुतेकांच्या मुलांना होत नाही. घराण्यात असलं तर शक्यता थोडी जास्त असते, एवढंच. पण आम्हाला जास्त काळजी वाटते ती लपवण्याची. बघायला येतात तेव्हा झाकायचं, हळदीत दिसायचं, आणि मग सासरी "फसवलं" म्हणून आयुष्यभर बोलणी. जिने काही केलं नाही तिला फसवणारी ठरवायचं. त्यापेक्षा पहिल्याच बैठकीत सांगा, हा डाग आहे, लागत नाही, हा डॉक्टरांचा कागद. दोन स्थळं जातील. जी राहतील ती माहीत असून राहतील. आणि मुलाच्या घरच्यांनाही आमचं म्हणणं आहे. तुमच्या मुलाच्या पाठीवरचा डाग शर्टाखाली चालतो आणि मुलीच्या बोटावरचा चालत नाही, हा हिशोब कुठला?

पुण्यात डॉक्टर माया तुळपुळे ह्यांनी, ज्यांना स्वतःला कोड आहे, श्वेता असोसिएशन नावाची संस्था काढली. कोड असलेली माणसं तिथे एकत्र जमतात, एकमेकांशी बोलतात, वधू-वर मेळावेही घेतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांनी २००६ साली ह्याच विषयावर 'नितळ' नावाचा सिनेमा काढला. त्यातली नायिका डॉक्टर आहे आणि तिला कोड आहे. समितीने तो एखाद्या पौर्णिमेला विहारात दाखवावा अशी आमची सूचना आहे. पोरांना मायकेल जॅक्सन माहीत असेल. तो काळ्याचा गोरा झाला म्हणून लोक हसायचे. त्याला हाच रोग होता, १९९३ साली त्याने स्वतः तो जाहीर सांगितला, आणि त्याच्या स्मृतिदिनी, २५ जूनला, जगभर कोड दिन पाळतात.

आता जायचं कुठे ते सांगतो. आधी आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढे छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर पोहोचा, केसपेपर काढा, आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, पुड्या, बाटल्या पिशवीत घालून न्या, कोणी रागावणार नाही. डागांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तारखेसह, म्हणजे वाढला की कमी झाला ते सहा महिन्यांनी कळेल.

बंधूंनी आता खीरदानाच्या तयारीला लागावं. भगिनींपैकी कोणाला दाखवायचं, विचारायचं असेल तर मागच्या खोलीत आमच्यासोबतच्या सिस्टर बसणार आहेत. चिठ्ठी ज्यांनी लिहिली त्यांनीही यावं. नाव विचारलं जाणार नाही. जयभीम.